डायरेक्ट-इनडायरेक्ट : ‘की’च्या जागी ‘दॅट’ टाकून भागत नाही

अलोरे (ता. चिपळूण) : बाबा सकाळी सांगून गेले, ‘मी उद्या चिपळूणला जाणार आहे.’ संध्याकाळी आपण आईला सांगतो, ‘बाबा म्हणाले की मी उद्या चिपळूणला जाणार आहे.’ घरात कोणाचा गोंधळ होत नाही, जाणार ते बाबाच. हेच वाक्य इंग्रजीत करताना मुलगा वहीत लिहितो, ‘फादर सेड दॅट आय विल गो टू चिपळूण टुमारो.’ झालं! आता चिपळूणला बाबा नाही, मुलगाच निघाला.

डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीचमधली बरीचशी चूक इथेच आहे. मराठीत ‘की’ लावला तरी बोलणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं ठेवता येतं. त्याचा ‘मी’ तसाच, काळही तसाच. इंग्रजीत एकदा अवतरणचिन्ह काढलं की वाक्य सांगणाऱ्याच्या बाजूने बोलायचं असतं. म्हणून बाबांचा ‘आय’ झाला ‘ही’, ‘विल’चं झालं ‘वुड’ : ‘फादर सेड दॅट ही वुड गो टू चिपळूण द नेक्स्ट डे.’ मुलं नियम पाठ करतात, पण ‘हे वाक्य आता कोण सांगतंय?’ हा प्रश्न स्वतःला विचारत नाहीत. तो आधी विचारावा, सर्वनामं आपोआप सुटतात.

काळाचं सोपं आहे. ‘सेड’ भूतकाळात असेल तर आतलं क्रियापद एक पायरी मागे जातं : ‘इज’चं ‘वॉज’, ‘कॅन’चं ‘कुड’, ‘वेन्ट’चं ‘हॅड गॉन’. बाहेर ‘सेज’ असेल तर काळ हलत नाही. जे आजही खरं आहे तेही मागे न्यायलाच पाहिजे असं नाही. कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीच्या वीजघरात येतं, हे सरांनी काल सांगितलं म्हणून ते आज यायचं थांबत नाही. तिथे ‘द टीचर सेड दॅट कोयना वॉटर कम्स टू पोफळी थ्रू अ टनल’ बरोबरच आहे.

‘टुमारो’चं ‘द नेक्स्ट डे’, ‘हिअर’चं ‘देअर’ हे बदल पेपरात करावेत, कारण निरोप कधी आणि कुठे सांगितला ते तिथे दिलेलं नसतं. पण प्रत्यक्षात त्याच दिवशी आईला सांगताना ‘टुमारो’ हाच शब्द बरोबर. गाइडात हे सहसा सापडत नाही.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते प्रश्नार्थक वाक्यात. पाहुण्यांनी विचारलं, ‘तू कुठे राहतोस?’ मुलं लिहितात, ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह.’ इथे ‘दॅट’ नको, ‘डू’ नको, प्रश्नचिन्हही नको. ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड.’ प्रश्नाचं सरळ वाक्य झालं पाहिजे. ‘गाडी आली का?’ यातल्या ‘का’ला इंग्रजीत ‘इफ’ : ‘शी आस्क्ड मी इफ द बस हॅड कम.’ कंडक्टरचं ‘पुढे सरका’ मात्र ‘टू’ लावून : ‘द कंडक्टर टोल्ड अस टू मूव्ह फॉरवर्ड.’ नकार असला तर ‘नॉट टू’.

हे नुसतं मार्कांपुरतं नाही. उद्या लोट्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि सुपरवायझरचा निरोप इंग्रजीत मेल करायची वेळ आली, तर ‘आय’ आणि ‘ही’च्या घोळात काम भलत्याच्याच गळ्यात पडेल.

सरावाला वेगळं पुस्तक नको. स्टँडवर, दुकानात, घरात दिवसभरात ऐकलेली पाच वाक्यं रात्री वहीत उतरवावीत : एक साधं, दोन प्रश्न, एक हुकूम, एक नकार. आधी बोलणाऱ्याच्या तोंडचं, खाली आपल्या तोंडचं. मोठ्याने वाचावं, कान लवकर तयार होतो.

आज ही दोन करून बघा. आजी म्हणाली, ‘आय अॅम टायर्ड.’ सरांनी मला विचारलं, ‘हॅव यू फिनिश्ड युअर होमवर्क?’ उत्तरं : ‘ग्रँडमदर सेड दॅट शी वॉज टायर्ड’ आणि ‘द टीचर आस्क्ड मी इफ आय हॅड फिनिश्ड माय होमवर्क.’ दुसऱ्यात ‘युअर’ तसंच राहिलं असेल, तर वर बाबांचं वाक्य परत एकदा वाचा.