चीक, फणसाचा : हत्यारांवरून काढणे

फणसाची (आर्टोकार्पस हेटेरोफायलस, कुल – मोरेसी) साल, देठ व मधला पाव (गाभा) यांतून पाझरणारा दाट पांढरा चीक विळी, सुरी, कोयता यांवरून उतरवण्याची रीत. कोवळ्या फणसाला चीक जास्त. त्यामुळे गरे काढण्यापेक्षा भाजीची कुयरी (कोवळा फणस) चिरणे जिकिरीचे.

गुणधर्म : ताजा चीक म्हणजे पाण्यात विखुरलेल्या रबरी व राळयुक्त कणांचे दुधाळ मिश्रण. वारा लागला की कण एकमेकांना धरतात, तार सुटते आणि मग तो पाण्याला दाद देत नाही. नुसत्या साबणाने घासल्यास पात्यावरचा चीक घासणीत जातो व घासणी फुकट जाते. तेलात व रॉकेलमध्ये मात्र तो सैल पडतो.

प्रतिबंध : कोकणात खरी भिस्त यावरच. फणसाला हात घालण्याआधी पाते, विळीचा पाट आणि दोन्ही तळहात यांना खोबरेल चोपडतात. मुठीला तेल बेताचेच, नाहीतर कोयता हातातून निसटतो. खाली वर्तमानपत्र किंवा केळीचे पान पसरतात. फणस चिरल्यावर कापावर चिकाचे थेंब फुटतात. ते कागदाने टिपतात किंवा काडीवर गुंडाळून घेतात, आणि पाव काढून टाकल्यावरच पुढे हात घालतात. मधूनमधून पाते तेलाच्या फडक्याने पुसावे. कोरड्या लाकडात मुरलेला चीक सहसा निघत नाही.

काढणे : वाळलेल्या थरावर तेल चोळून तो मऊ होईतो थांबावे, नारळाच्या सोडणाने किंवा कागदाने पुसावे, नंतर राख किंवा साबण व कढत पाणी. पाते विस्तवावर धरून पुसण्याचीही चाल आहे. जास्त तापल्यास धारेचे पाणी उतरते. रॉकेलने काम झटपट होते, पण वास रेंगाळतो. स्वयंपाकाच्या विळीला ते लावावे की नाही, याबाबत एकमत नाही. कोयत्याला चालते, चुलीपासून दूर.

इतर चीक : आंब्याचा पातळ असतो, पात्यापेक्षा कातडीला अधिक बाधतो. काजूच्या टरफलातील तेलही कातडी भाजणारे.

उपयोग : फणसाचा चीक पाखरे धरण्यासाठी फांद्यांना लावीत, तापवून फुटकी भांडी सांधीत.

करवत : चीक काढण्याची रीत वरीलप्रमाणेच, दात्यांसाठी जुना टूथब्रश.