उजनीचे पाणी आणि पाहुणे : प्रस्तावना

भीमा नदीच्या उजनी जलाशयावरच्या मच्छीमाराला जाळ्यात काय आले विचारा. पहिले नाव बहुधा चिलापीचे निघेल. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि इथे असा रुळला, की भिगवणच्या हॉटेलांत लोक मुद्दाम तोच मागतात.

परका जीव कोणाला म्हणायचे, हा या विषयातला पहिला पेच. कटला आणि रोहूही मूळचे भीमेचे नव्हेत. गंगेच्या खोऱ्यातल्या या माशांचे बीज इथे आणून सोडले गेले. त्यांच्यावर कोणाचा राग नाही, नसावाही. नुसते मूळ गाव विचारून भागत नाही. आलेला जीव इतरांच्या जागेचे आणि खाण्याचे काय करतो, ते पाहावे लागते. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले बरीच वाचतात. ऑक्सिजन कमी पडला तरी तिचे निभते. आणखी एका पाहुण्याला, सकर माशाला, तर बाजारात कोणी विचारत नाही, वर त्याच्या काटेरी, टणक कवचाने जाळे फाटते. पाण्यावर दक्षिण अमेरिकेतली जलपर्णी, काठावर तिकडचीच बेशरम.

पण पाहुण्यांची यादी केली म्हणजे अभ्यास झाला, असे नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नद्यांतून भीमेत आणि भीमेतून इथे येते. त्यात शेतांतून वाहून आलेले खत मिसळते. नायट्रोजन-फॉस्फरसच्या या खुराकावर जलपर्णी माजते. ती उपसून काढली तरी खुराक चालूच राहतो, शिवाय गाळात तिचे बी वर्षानुवर्षे टिकते. मासळीचे दप्तर मत्स्य खात्याकडे, पाण्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. आमचा आग्रह इतकाच, की दोन्ही नोंदी एकाच वहीत हव्यात.

नव्या अभ्यासकाने महागड्या उपकरणांसाठी अडून बसू नये. अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये वापरलेली तबकडीची युक्ती आजही चालते. २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची तबकडी दोरीने होडीच्या सावलीत सोडायची. दिसेनाशी झाली की खोली लिहायची, वर ओढताना पुन्हा दिसली की तीही लिहायची. दोन्हींची सरासरी म्हणजे पाण्याची पारदर्शकता.

ऑक्सिजनचे प्रकरण जरा फसवे आहे. शेवाळ दिवसा उन्हात तो सोडते. रात्री शेवाळासकट सगळेच तो खर्चतात आणि पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी होते. दुपारी दोनला घेतलेला आकडा कितीही अचूक असला, तरी सकाळी मासे उलटे का तरंगत होते ते सांगणार नाही. पहाटे पाण्यावर भोई असतात, अभ्यासक सहसा नसतात. मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडताहेत, हे त्यांना मीटरच्या आधी कळते.

म्हणून पुढे दिलेल्या नोंदतक्त्यात पहिला रकाना वेळेचा आहे आणि दुसरा, त्या वेळी होडीत असलेल्या मच्छीमाराने काय पाहिले, याचा. मापे त्यानंतर. तक्ता पाण्यावरच भरावा. घरी येऊन आठवून भरू नये.