घटी, पळें व प्रहर : जुन्या कागदांतील कालमान

(१) मराठी कागदपत्रांच्या संग्राहकास शक, तिथि, वार व चंद्र यांचा मेळ घालण्याची संवय असते. त्याकरितां जंत्र्या उपलब्ध आहेत. परंतु तिथीपुढें घटी व पळें यांचे आंकडे आले, अथवा 'दीड प्रहर दिवस', 'चार घटका रात्र' असे शब्द आले, म्हणजे ते बहुधा नुसते उतरून घेतले जातात. त्यांचा अर्थ न लावल्यामुळें एकाच प्रसंगाचे दोन विश्वसनीय उल्लेख परस्परविरुद्ध भासतात, व त्यांपैकीं एकावर अकारण दोष येतो. हा धोका केवळ काल्पनिक नाहीं. खुद्द शिवराज्याभिषेकाच्या काळासंबंधानें तो उपस्थित होतो. म्हणून प्रथम कोष्टक सांगून मग त्या नोंदीचा विचार करूं.

(२) एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ तें अहोरात्र. त्याच्या ६० घटी, घटीचीं ६० पळें व पळाचीं ६० विपळें. अर्थात् घटी म्हणजे २४ मिनिटें व पळ म्हणजे २४ सेकंद. अडीच घटींचा तास व अडीच पळांचें मिनिट. दोन घटींचा एक मुहूर्त, असे अहोरात्रांत ३० मुहूर्त. ज्योतिषग्रंथांत पळाचे सहा प्राण केले आहेत. प्राण म्हणजे दहा गुरु अक्षरें उच्चारण्याचा अवधि, आपले चार सेकंद. घटी मोजण्याचें साधन घटिकापात्र. तळाशीं बारीक छिद्र असलेलें हें तांब्याचें पात्र पाण्यावर सोडलें म्हणजे एका घटीनें भरून बुडे. 'घड्याळ' हा शब्द या घटीवरूनच आला. आणि 'तास' हें मूळचें ठोके देण्याच्या धातूच्या थाळीचें नांव, तेंच पुढें साठ मिनिटांच्या काळास लागलें.

(३) घटी हें निश्चित मान आहे. प्रहर तसें नाहीं. दिवसाचे चार व रात्रीचे चार मिळून आठ प्रहर होतात. सरासरीनें प्रहर साडेसात घटींचा, म्हणजे तीन तासांचा. परंतु दिनमान व रात्रिमान ऋतूप्रमाणें कमीजास्त होतें, तसा प्रहरही होतो. ज्येष्ठांत, सूर्य उत्तरेकडे अत्यंत सरकलेला असतां, रायगडाच्या अक्षांशावर दिनमान सुमारें पावणेतेहतीस घटी भरतें. त्या वेळीं दिवसाचा प्रहर सुमारें ३ तास १६ मिनिटांचा व रात्रीचा २ तास ४४ मिनिटांचा होतो. मार्गशीर्ष-पौषांत हें प्रमाण उलटतें. सबब प्रहराचे सरसकट तीन तास धरून केलेलें गणित सूक्ष्म कामास उपयोगी नाहीं.

(४) आतां प्रस्तुत नोंद पाहूं. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनीं इ. स. १९१६ मध्यें पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारें प्रसिद्ध केली. तींत शके १५९६, आनंद संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध १२ शुक्रवार असें लिहून पुढें २१ घटी ३४ पळें, विशाखा नक्षत्र ३८ घटी ४० पळें, सिद्ध योग ४२ घटी हे आंकडे दिले आहेत. आणि तीन घटी रात्र उरली असतां महाराज सिंहासनीं बसले असें सांगितलें आहे. उलट सभासदानें तिथि शुद्ध १३ दिली. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन यानें समारंभाची तारीख ६ जून १६७४ दिली आहे, व गणितानें त्या तारखेस शनिवार येतो. एकीकडे द्वादशी व शुक्रवार, दुसरीकडे त्रयोदशी व शनिवार. या तिघांपैकीं चुकला कोण ?

(५) चुकला कोणीच नाहीं. शकावलींतील २१ घटी ३४ पळें ही सिंहासनारोहणाची वेळ नव्हे; शुक्रवारीं सूर्योदयानंतर द्वादशी किती काळ होती, याचें तें मान आहे. त्याचे ८ तास ३७ मिनिटें ३६ सेकंद होतात. त्या दिवशीं रायगडीं स्थानिक वेळेप्रमाणें सूर्योदय ५ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास; तेव्हां दुपारीं दोनच्या सुमारास द्वादशी संपून त्रयोदशी लागली. नक्षत्र व योग यांचे आंकडेही त्यांच्या समाप्तीचेच. त्यांप्रमाणें विशाखा व सिद्ध हीं दोन्ही मध्यरात्रीपूर्वींच सरतात. आरोहणाचा काळ दर्शविणारे शब्द 'तीन घटी रात्र उरली' एवढेच. तीन घटी म्हणजे ७२ मिनिटें. म्हणून वेळ येते पहाटे सव्वाचारच्या आसपास. त्या क्षणीं तिथि त्रयोदशी चालूं होती, म्हणून सभासद बरोबर. पण दुसरा सूर्योदय झाला नव्हता, म्हणून वार शुक्रवार व दिवसाची नांवाची तिथि उदयकालची द्वादशी, शकावलीकारही बरोबर. युरोपीय दिवस मध्यरात्रीं पालटतो, म्हणून तारीख ६ जून, शनिवार. ऑक्झिंडेन सकाळीं सात-आठच्या सुमारास दरबारांत गेला तेव्हां महाराज सिंहासनावर विराजमान होते, असें तो लिहितो. तेंही यास सर्वस्वीं जुळतें.

(६) घड्याळाच्या बाजूसही दोन सावधगिऱ्या आहेत. पहिली, इंग्रजांनीं इ. स. १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन गणना ठेविली; पोर्तुगीज १५८२ पासून नवी पाळीत. म्हणून सतराव्या शतकाच्या या भागांत सुरतेच्या इंग्रजी पत्रांतील ६ जून ही गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत १६ जून होईल. दुसरी, घटी स्थानिक सूर्योदयापासून मोजतात. आपलीं घड्याळें मात्र ८२½ अंश रेखांशाची प्रमाणवेळ दाखवितात. ही वेळ इ. स. १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईनें आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत ठेविली होती. पुण्याची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारें साडेचौतीस मिनिटें मागें, रायगडाची सुमारें छत्तीस. वर काढलेली सव्वाचारची वेळ आजच्या घड्याळांत पांचास दहा मिनिटें कमी अशी दिसेल.

(७) यावरून कागद वाचणारानें तीन प्रश्न नेहमीं विचारावेत. आंकडा कशाचा : तिथीचा, नक्षत्राचा कीं प्रसंगाचा ? मोजणी कोठून : दिवस गेल्यापासून, दिवस उरल्यावरून, कीं रात्रीवरून ? आणि लिहिणाराचा दिवस कोठें सुरू होतो : सूर्योदयीं, मध्यरात्रीं, कीं हिजरी गणनेप्रमाणें सूर्यास्तीं ? ज्या कागदावर चंद्र दिला आहे, त्याच्या तिन्हीसांजेनंतरच्या प्रसंगास या तिसऱ्या प्रश्नाचें विशेष महत्त्व आहे. स्वामिकन्नू पिल्ले यांच्या कोष्टकांत तिथीची समाप्ति दिवसाच्या दशांश अपूर्णांकांत असते. त्यास साठांनीं गुणिलें कीं घटी मिळतात, म्हणून पडताळा कठीण नाहीं.

(८) शेवटीं एक विनंति. नक्कल करितांना घटीपळांचे आंकडे व त्यांमागील 'वि', 'सि' यांसारखीं एकाक्षरी चिन्हें निरर्थक समजून गाळूं नयेत. बनावट कागद करणारास तिथि व वार जुळवितां येतात. नक्षत्र व योग यांच्या घटी जुळविणें मात्र फार अवघड. कागदाच्या सत्यतेचा उत्तम साक्षीदार पुष्कळदां या लहान आंकड्यांतच असतो, आणि नक्कल करणारानें तो गाळला तर मूळ कागद नष्ट झाल्यावर त्यास पुन्हां बोलावितां येत नाहीं.