पपईवरची पांढरी कीड आणि तिचा वैरी

गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब आटोपला की वाडीतल्या भाजी-फळांच्या गोष्टी निघतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका पपईवर कापसासारखा पांढरा थर चढला. आम्ही घाईने औषध फवारलं. थोड्या दिवसांत थर पुन्हा आला. मग आम्ही या किडीचा इतिहास शोधला. तोच आज सांगतो.

हा पपईचा पिठ्या ढेकूण. त्याचं माहेर मेक्सिको. तिथे तो फारसा उच्छाद मांडत नाही, कारण त्याला संपवणारे कीटकही तिथेच आहेत. १९९० च्या दशकात तो कॅरिबियन बेटांवर पसरला. २००८ मध्ये तामिळनाडूत कोइम्बतूरला सापडला. कीड आली, तिचे वैरी मात्र मागेच राहिले. पपईच नव्हे, तुती आणि साबुदाण्याच्या कंदाचीही तिने नासाडी केली. अंगावर मेणाचा थर असल्याने फवारा आत पोचत नव्हता. शेतकऱ्यांचा खर्च वाढला, कीड हटली नाही.

२०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीने पोर्टो रिकोहून तीन जातींचे परोपजीवी कीटक आणले. आधी बंदिस्त प्रयोगशाळेत तपासले, मगच शेतात सोडले. महाराष्ट्रात पुण्याकडेही सोडले. त्यांतला ‘ॲसेरोफॅगस पपये’ सर्वांत उपयोगी ठरला. तो तिळाहून लहान, माणसाला चावत नाही. मादी पिठ्या ढेकणाच्या पिल्लात अंडं घालते. अळी त्याला आतून खाते, आणि नवा कीटक कोरड्या खोळीला गोल भोक पाडून बाहेर येतो. काही महिन्यांतच बागा सावरू लागल्या.

आपल्या भंडाऱ्यात धानाच्या खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामाची कार्डं लावतात, त्यामागेही हाच विचार आहे.

आता आमची चूक सांगतो. विषारी फवारा मेणाखालच्या किडीपर्यंत पोचत नाही, पण उघड्यावर फिरणारा तिचा वैरी मात्र मरतो. म्हणून बायांनो, फवारणीआधी पान उलटून बघा. फुगलेल्या, भोक पडलेल्या खोळी दिसल्या तर हात आवरा. मुंग्या चढत असतील तर त्यांना आधी रोखा, कारण गोड चिकट्यासाठी त्या किडीची राखण करतात. आमच्या दुसऱ्या पपईवर आम्ही यंदा पंप उचलला नाही. बैठकीच्या दिवशी पानं मात्र न चुकता बघतो.