कामाची भाषा आणि उद्यांचा वाचक

संगणकाचें एखादें काम हातीं घेतांना यंत्राला द्यावयाच्या आज्ञा कोणत्या भाषेंत लिहाव्या, हा प्रश्न नांदेड-लातूरच्या तरुणांपुढें आज वारंवार येतो. प्रश्न नवा दिसतो. परंतु कामासाठीं भाषा निवडणें म्हणजे काय, याचा अनुभव मराठवाड्याला जुना आहे.

निजामाच्या राज्यांत सरकारी दप्तराची भाषा प्रथम फारसी होती. १८८४ च्या सुमारास तिच्या जागीं उर्दू आली. घरांत मराठी, गांवच्या दप्तरांत मोडी आणि कचेरींत उर्दू, असा व्यवहार पुढें चालला. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें, तेव्हां उच्च शिक्षणाची भाषाही उर्दूच ठरली. परंतु नुसत्या हुकुमानें भागलें नाहीं. शास्त्रीय ग्रंथ उर्दूंत आणण्यासाठीं स्वतंत्र भाषांतर-खातें उभारावें लागलें, परिभाषा घडवावी लागली.

पुढें १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६४ च्या कायद्यानें मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा ठरली. राजवट बदलली, तरी कागद बदलले नाहींत. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्यासाठीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली, तेव्हां निजामकालीन कागदांतील उर्दू व मोडी वाचणारे जाणकार हवे झाले. अनेक कुटुंबांचा दाखला त्या अक्षरांवर अवलंबून होता.

संगणकाच्या भाषांचा इतिहासही याच वळणानें गेला आहे. १९५७ मध्यें शास्त्रीय गणितासाठीं फोर्ट्रान आली. १९५९-६० मध्यें व्यापारी हिशेबासाठीं कोबोल रचली गेली. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर एकच लेखन चालावें, हा तिचा एक हेतु होता. त्या काळीं जागा वांचविण्यासाठीं सालाचे शेवटचे दोनच अंक लिहीत. २००० साल जवळ येतांच ‘००’ म्हणजे १९०० कीं २०००, असा घोटाळा उभा राहिला, आणि कित्येक वर्षांपूर्वींचें कोबोल उलगडणाऱ्यांचा जगभर शोध सुरू झाला. याउलट, यूनिक्स ही यंत्रचालक प्रणाली १९७३ मध्यें ‘सी’ भाषेंत पुन्हा लिहिली गेली. त्यामुळें ती पुढें एकाच जातीच्या यंत्राला जखडून राहिली नाहीं.

म्हणून सर्वांत श्रेष्ठ भाषा कोणती, या वादांतून फारसें हातीं लागत नाहीं. काम गणिताचें कीं हिशेबाचें, त्या भाषेंत तयार साधनें किती, ती जाणणारे जवळपास मिळतील काय, आणि लिहिणारा निघून गेल्यावर तें लेखन कोण वाचील, हें आधीं पाहावें लागतें. यांतला शेवटचा प्रश्न घाईंत बहुधा राहून जातो. तो राहून गेला म्हणजे पुढच्या पिढीला काय शोधत फिरावें लागतें, हें मराठवाड्याच्या जुन्या दप्तरांनीं दाखविलें आहे.