गोदीतील स्फोट आणि भायखळ्याचे स्मारक

दरवर्षी १४ एप्रिल रोजी अग्निशमन सेवा सप्ताहास प्रारंभ होतो. वागळे इस्टेटसारख्या औद्योगिक वसाहतींतील कामगारांना हा सप्ताह आग विझविण्याच्या प्रात्यक्षिकांमुळे परिचित आहे. मात्र ही तारीख मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतून आली, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. त्या दिवशी प्राण गमावलेल्या जवानांचे स्मारक भायखळा येथील मुंबई अग्निशमन दलाच्या मुख्यालयात आहे.

'फोर्ट स्टिकिन' ही मालवाहू बोट १२ एप्रिल १९४४ रोजी मुंबईत दाखल झाली. बोटीवर सुमारे १,४०० टन दारूगोळा व सोन्याच्या लगडी होत्या. कराचीत त्यात कापसाच्या हजारो गाठींची भर पडली. स्फोटके आणि कापूस एकाच तळघरात ठेवण्याचा अविचार युद्धकाळाच्या घाईत खपून गेला. धोक्याची खूण म्हणून लावावयाचा लाल बावटाही बोटीवर नव्हता.

१४ एप्रिलच्या दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. बंबवाले पाण्याचा मारा करीत राहिले. बोट बुडवावी की गोदीबाहेर न्यावी, याचा निर्णय मात्र झाला नाही. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. हादऱ्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. 'जलपद्म' ही शेजारची बोट उचलली जाऊन धक्क्यावर आदळली. जळत्या कापसाने आसपासच्या वस्तीत आगी लागल्या. युद्धकालीन निर्बंधांमुळे हे वृत्त मे महिन्यापर्यंत छापता आले नाही.

अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले.  एकूण मृतांचे अंदाज मात्र ८०० पासून १,३०० पर्यंत बदलतात. त्यांत गोदी कामगार होते, हमाल होते, आसपासचे रहिवासी होते. भायखळ्याचे स्मारक गणवेशातील मृतांचे आहे. उरलेल्यांची तर मोजदादही एकमताने झालेली नाही.

ठाणे-कल्याण पट्ट्यातील वाचकांना हा इतिहास परका वाटू नये. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. कोणत्या मालाशेजारी कोणता माल ठेवला आहे, ही माहिती बंबवाल्यांना आत शिरण्यापूर्वी मिळावी लागते. 'फोर्ट स्टिकिन'वरील लाल बावट्याचे काम नेमके हेच होते.