एकोप्याचं स्वप्न आणि बंद चुली

चीनच्या एका मोठ्या स्वप्नाचा आराखडा आपल्या दार्जिलिंगमध्ये पुरा झाला, हे फार थोड्यांना माहीत असतं.

1898 मध्ये कांग यूवेई या विद्वानाने तरुण सम्राटाकरवी सुधारणा सुरू केल्या. शंभरेक दिवसांत राजमाता त्सशीने डाव उलटवला. सहा सुधारकांची मुंडकी उडाली, कांग परागंदा झाला. पुढे दार्जिलिंगला राहून 1902 च्या सुमारास त्याने 'दातोंग शू' पूर्ण केलं. दातोंग म्हणजे महा-एकोपा, कन्फ्यूशियस परंपरेतली जुनी कल्पना. कांगच्या जगात देश नाहीत, वर्ग नाहीत, स्त्री-पुरुष भेद नाही. कुटुंबसुद्धा नाही!

आता गंमत बघा. जग अजून तयार नाही म्हणून त्याने ग्रंथाचा बराच भाग छापलाच नाही. तो पूर्ण छापला गेला 1935 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी.

माओ 1949 मध्ये म्हणाला, कांगला तिथे जायचा रस्ता सापडला नाही. 1958 मध्ये माओने रस्ता काढला: लोककम्यून. घरच्या चुली बंद, जेवण सामुदायिक खानावळीत. पिकाचे आकडे फुगवून वर जात होते. चूक दाखवणाऱ्या संरक्षणमंत्री पेंग दहुआईलाच हटवलं. कोट्यवधी माणसं भुकेने मेली.

हू जिंताओच्या काळात घोषणा आली 'सुसंवादी समाजा'ची. पोस्ट उडवली गेली की चिनी लोक म्हणू लागले, 'माझी पोस्ट सुसंवादी झाली!'

स्वप्न वाईट नव्हतं हो. पण 'नाही' म्हणायची सोय नसेल, तर त्या शांततेला एकोपा म्हणायचं की धाक?